बटाट्यालाही नूर आला

जळकोटच्या अलीकडे रस्त्याला लागून सरकीचं एक बंद गोदाम आहे. तिथं दर गुरुवारी चपलांचा एवढा ढीग पडायचा, की परत निघताना निम्मे लोक दुसऱ्याच्याच चपला घालून घरी जायचे. कंधारहून जीप भरून यायच्या, चाकूरहून टेम्पो यायचे. गोदामाच्या खिडक्यांवर गोधड्या ठोकलेल्या होत्या. भर दुपारी आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. त्या अंधारात शेकडो माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, घामाचा आणि लोबानचा वास कोंडलेला, आणि समोर लाकडी चौथऱ्यावर उजेडबाबा.

"विस्तू न्हाई, वात न्हाई, बल्ब न्हाई, वायर न्हाई!" बाबा गर्जायचा. "मग उजेड कुठून येतो? तुमच्या अंगातून येतो! अंगातला रोग जळाला की उजेड पडतो. ज्याला ज्योत म्हणायची त्यानं ज्योत म्हणा, ज्याला नूर म्हणायचा त्यानं नूर म्हणा. देणारा एकच हाय!"

देणारा एकच होता, ही गोष्ट खरी. ती बॅटरी होती. पण हे कळायला आम्हाला फार उशीर झाला.

मी कंधारची डॉक्टर, विनीता. माझे साखरेचे पेशंट एकेक करून दवाखान्यात यायचे बंद झाले, तेव्हा हा कोण धन्वंतरी उगवलाय ते बघावं म्हणून मी स्वतः एका गुरुवारी तिथं जाऊन बसले.

थाट असा होता. रोग्यानं चौथऱ्यावरच्या स्टुलावर बसायचं. पाय पितळी परातीत ठेवायचे. परातीत तळवे भिजतील एवढंच पाणी, ते म्हणे सात समुद्रांचं. चाखून पाहिलं तर नुसतं खारट. मग उजवा हात त्याच पाण्यात बुडवून शेजारच्या पितळी कलशावर ठेवायचा. कलशापुढं एक काचेची पाटी, तळहाताएवढी, तिच्यावर पिवळसर थर. बाबा तिला शिळा म्हणायचा. रोग्यानं हात ठेवला की थोडा वेळ काहीच व्हायचं नाही. मग त्या पाटीत हिरवट उजेड उमलायचा. बल्ब कसा खटकन लागतो, तसं नाही. झोपलेलं माणूस हळूहळू डोळे उघडतं, तसा तो वाढत जायचा. मला ते विलक्षण वाटलं, खोटं कशाला बोलू?

बाबा पक्का होता. त्यानं स्वतःच हाक दिली, "कुणी वायरमन बसलाय का हितं? या, तपासून घ्या. आमचं काई लपलेलं न्हाई."

आमच्या कंधारचे शेषेराव वायरमन उठले. त्यांच्या खिशात टेस्टर नसेल तर शर्ट अंगावर आहे की नाही, अशी त्यांना शंका येते. त्यांनी कलशाला टेस्टर लावला, परातीला लावला, शिळेच्या कडेला लावला. टेस्टरचा दिवा लागेना. मग नखानं तो थर खरवडला.

"ह्ये तर प्लास्टिक हाय," शेषेराव मोठ्यानं म्हणाले. "प्लास्टिकातून करंट जात न्हाई, ह्ये शेंबडं पोरगं बी सांगंल. टेस्टर बी लागंना. हितं करंट न्हाई, बाप्पा!"

गोदाम दणाणून गेलं. शेषेरावांनी टेस्टर खिशात ठेवला आणि ते बाबाच्या पाया पडले. तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसानं शिक्का मारला, आता आणखी काय पाहिजे होतं?

त्या दिवशी माझ्या पुढच्याच रांगेत हसीनाबी बसली होती.

हसीनाबी आमच्या गल्लीची शिंपीण. नवरा गुलाम रसूल बसस्टँडजवळ घड्याळं दुरुस्त करतो, मुलगी अलीझा नांदेडला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. माझे सगळे ब्लाऊज हसीनाबीच्या हातचे. तिला साखरेचा आजार जुना. त्यानं तळपाय बधिर झालेले. पायमशीन चालवता चालवता मशीनच्या लोखंडी पायट्याची कड उजव्या अंगठ्याखाली घासत राहिली, आणि तिला पत्ताच नाही. पायट्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. मी रोज पट्टी करत होते, इन्सुलिन चालू होतं, आणि जखम भरत आली होती. एक महिना आणखी धीर धरला असता तर ती कोरडी झाली असती.

हसीनाबीनं परातीत पाय ठेवले, हात कलशावर ठेवला. आणि त्या शिळेत असा उजेड पडला, की पहिल्या रांगेतले चेहरे दिसायला लागले! आधीच्या कुणाचाही तसा पडला नव्हता. बाबा चौथऱ्यावरून उठून उभा राहिला.

"मुंग्या आल्या का, माय?"

"न्हाई बाबा. काईच न्हाई."

"बगा! ज्याला मुंग्या येतात त्याचा रोग अजून चावून राहिला. हिला मुंगी न्हाई, म्हणजे रोग मुळापासून गेला. अशी पुण्यवान बाई मी आजवर पाह्यली न्हाई. आजपासून हिचं नाव नूरबी!"

बधिर पायाला मुंग्या कुठून येणार? मी उठून तसं म्हणायला गेले, तर दोन बायांनी पदर ओढून मला खाली बसवलं.

मग बाबानं नूरबीला हुकूम दिला. सुई सोडायची. गोळी सोडायची. आणि पायाची पट्टी तर अजिबात बांधायची नाही. "उजेडाला वाट पायजे, माय. वाट बांधून ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी ती पट्टीला आली नाही. मी तिच्या घरी गेले. ती मशीनवर बसली होती, पाय उघडा.

"हसीनाबी, सुई का बंद केलीस?"

"कोणती सुई?" तिनं मशीनकडं बोट केलं आणि खळखळून हसली. "ही तर चालू हाय की! शिवायची चालू, टोचायची बंद."

"मस्करी नको. पाय जाईल तुझा."

ती हसायची थांबली. "डॉक्टरबाई, एक सांगू? माझा कदी कशात पैला नंबर आला न्हाई. भाऊ शाळेत गेले, मी काजं-बटनं केली. गावच्या पोरींच्या लग्नाचे कपडे मी शिवते, अन् पंगतीला मागच्या दारात बसते. तिथं लई लोक होते. पाटील होते, मास्तर होते, तुमी बी होता. सगळ्यांत जास्त उजेड माझा पडला. माझा! अल्लानं पैल्यांदा माझं नाव घेतलं, अन् तुमी म्हणता पट्टी बांध?"

मी रागावले, ओरडले, गुलाम रसूललाही बोलले. तो भला माणूस मान खाली घालून घड्याळाच्या चकत्या चाळत राहिला. "ती खूश हाय, बाई," एवढंच म्हणाला. खरंच ती खूश होती, आणि त्यापुढं माझं काही चाललं नाही.

दर गुरुवारी बाबा तिला पुढं बसवायचा. नवीन आलेल्यांना आधी नूरबीचा उजेड दाखवायचा. आणि दर गुरुवारी तो उजेड आदल्यापेक्षा जास्त पडायचा! लोक तिच्याही पाया पडायला लागले. आमच्या गल्लीत तिच्या घरावरून जाताना अत्तराचा वास यायचा. आधी मला वाटलं, खुशीनं लावत असेल. मग कळलं, पायाचा वास झाकायला लावत होती.

अलीझा सुट्टीला आली आणि त्याच संध्याकाळी धावत दवाखान्यात आली. "मॅडम, अम्मीचा अंगठा काळा पडलाय! तिला अजून कळतच नाही!"

आम्ही दोघी हसीनाबीच्या हातापाया पडलो. आत्ता गाडी करू, नांदेडला जाऊ. ती म्हणाली, "उद्या गुरुवार हाय. तू बी चल, बेटी. एकदा तुझ्या डोळ्यानं बग. मग बोल."

अलीझा गेली. परत आली ती थेट दवाखान्यात. माझ्यासमोर बसली आणि आपल्या तळहाताकडं बघत बोलायला लागली.

"मॅडम, ती पाटी मला माहीत आहे. तसल्या पाट्या आमच्या प्रयोगशाळेत बनवतात."

"म्हणजे? शेषेरावांनी तर सांगितलं, ते प्लास्टिक आहे. टेस्टरसुद्धा लागला नाही."

"प्लास्टिकच आहे. पण काही प्लास्टिकांतून करंट जातो. आणि टेस्टर घरातल्या दोनशे तीस व्होल्टच्या करंटला लागतो, छोट्या सेलांना लागत नाही. मी आधी कोरडा हात ठेवला, तर उजेड जेमतेम. मग ओला ठेवला, तर वाढला. करंट माझ्या अंगातून जात होता, मॅडम. चौथऱ्याखाली सेल आहेत. परातीतून पायात, पायातून हातात, हातातून कलशात, कलशातून पाटीत, आणि पाटीतून परत सेलांत. सगळे लोक वायर शोधत होते, आणि वायर म्हणजे तो रोगी."

"मग तुझ्या आईचाच उजेड जास्त का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. उत्तर तिला ठाऊक होतं. मला तेव्हा सुचलं नाही.

त्या रात्री तिनं आईशी करार केला. "अम्मी, मी हाच उजेड तुला करून दाखवला, तर त्याच पावली माझ्यासंगं नांदेडला चलशील?"

"दाखव की. जुबान दिली."

अलीझा सकाळच्या गाडीनं नांदेडला गेली, आपल्या सरांकडून पाटी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परतली. तेवढ्या वेळात हसीनाबीला थंडी वाजून ताप भरला होता. मी म्हणाले, आता कसले प्रयोग, उचलून न्या तिला. हसीनाबीनं खाटेची कड घट्ट धरून ठेवली. "जुबान दिली न? आधी दाखव."

शनिवारी दुपारी माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही खिडक्यांना चादरी लावल्या. गल्ली लोटली होती. बाबाचे भक्त नाकं मुरडत आले, शेषेराव टेस्टर घेऊन आले. हसीनाबीला खुर्चीत बसवून आणलं होतं, अंगावर शाल, शेजारी गुलाम रसूल.

अलीझानं टेबलावर सगळं उघड मांडलं. एकाला एक जोडलेले सेल, दोन वायरी, मिठाचं पाणी घातलेली परात, स्टीलचा तांब्या, पाटी. "शेषेरावकाका, आधी या सेलांना टेस्टर लावा."

शेषेरावांनी लावला. लागला नाही.

"ह्यात करंट हाय का न्हाई?"

"सेल म्हणल्यावर असणारच की."

"मग टेस्टर का लागला न्हाई?"

शेषेरावांनी टेस्टर उलटसुलट करून पाहिला. त्यांचा चेहरा पडला, पण गडी प्रामाणिक. "पोरी, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई," म्हणाले.

मग दार लावलं. शेषेराव अनवाणी चालणारे, तळव्याला घट्टे पडलेले. त्यांनी परातीत पाय ठेवले, तांब्यावर हात ठेवला. पाटीत अगदी मिणमिणता उजेड आला. "काका, तुमचं पुण्य कमी पडलं," कुणीतरी म्हणालं. मग मी बसले. माझे पाय मऊ, त्यामुळे उजेड थोडा जास्त.

अलीझा समजावत होती. "ह्या थरात करंट नेणारं प्लास्टिक हाय, अन् त्यात मिठासारखा एक पदार्थ कालवलेला हाय. करंट लागला की मिठाचे कण हळूहळू दोन्ही कडांकडं सरकतात. त्याला वेळ लागतो, म्हणून उजेड सावकाश येतो. मग एका कडेचं प्लास्टिक आपले इलेक्ट्रॉन सोडून देतं, दुसऱ्या कडेचं घेतं. ही रसायनाची क्रिया हाय, सेलात होते तशीच. इलेक्ट्रॉनची तूट अन् इलेक्ट्रॉनची वाढ मधे एकमेकीला भेटली, की उजेड बाहेर पडतो. हवेतली ओल लागली की थर मरतो. तुमचा बाबा दर गुरुवारी 'शिळा दमली' म्हणून पाटी बदलतो ना? ती दमत न्हाई, खराब होते."

"पण रोग जळतो त्याचं काय?" मागून एक भक्त बोलला.

अलीझानं पिशवीतून बटाटा काढला. परातीत ठेवला, वरून तांब्या टेकवला. पाटी अंधुकशी उजळली. खोलीत हशा पिकला.

"बटाट्याला कोणता रोग झाला गं, पोरी?"

"बटाट्याला बी नूर आला रे!"

अलीझा हसली नाही. तिनं सुरी घेतली आणि अंधारातच चाचपडत बटाटा सोलला. पुन्हा परातीत ठेवला, पुन्हा तांब्या टेकवला. आता उजेड असा चढला, की टेबलाभोवतीच्या लोकांचे चेहरे दिसले. टाळ्या पडल्या, शिट्या पडल्या. "पुण्यवान बटाटा!" शेषेराव ओरडले. "ह्याला पैल्या रांगेत बसवा!"

त्या हिरवट उजेडात मी अलीझाचा चेहरा पाहिला, आणि मला सगळं कळलं. करंटला अडवते ती कातडी. घट्ट्याची कातडी जास्त अडवते, मऊ कातडी कमी अडवते. आणि जिथं कातडीच नाही तिथं...

"बेटी," हसीनाबीचा आवाज आला. टाळ्या थांबल्या. "साल काढल्यावर जास्त पडला का गं?"

"हाव, अम्मी."

"म्हणजे माझा उजेड..." तिनं आपल्या पायाकडं पाहिलं. "माझी साल निघालेली होती. म्हणून."

 गुलाम रसूलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"दर गुरुवारी जास्त पडायचा," ती हळू म्हणाली. "जखम वाढून राहिली होती. अन् मी खूश होऊन राहिले होते."

अलीझा तिच्या पायाशी बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. हसीनाबीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नक्को. तू दाखवलंस, मी बगितलं. जुबान दिली हाय. चल, कुठं न्यायची तिथं ने."

शब्दाची पक्की बाई. त्याच पावली ती गाडीत बसली.

नांदेडला तिचा पाय गुडघ्याखालून काढला. पण विष रक्तात भिनलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा ती शुद्धीवर होती. तिनं माझा हात धरला आणि हसायचा प्रयत्न केला.

"डॉक्टरबाई, दोन सुया होत्या. एक सोडली, तर दोन्ही सुटल्या."

दोन दिवसांनी ती गेली. वय फक्त शेहेचाळीस.

बाबावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. चौथऱ्याखाली सेलांची माळ निघाली. असल्या उजेडाच्या पाट्या बनवणाऱ्या एका शहरातल्या कारखान्यात तो आधी कामाला होता, तिथून विद्या घेऊन आला होता. आता तो जामिनावर सुटलाय आणि म्हणे कुठंतरी दुसऱ्या जिल्ह्यात नवं गोदाम शोधतोय. ऐकून माझ्या अंगाची लाही होते.

माझा एक ब्लाऊज हसीनाबीकडं राहिला होता. गुलाम रसूलनं तो घडी करून आणून दिला. एक बाही लावलेली, दुसरी नुसती टाचलेली. मी तो दुसरीकडं शिवायला दिला नाही. कपाटात तसाच आहे.

अलीझा आता रविवारी गावोगाव जाते. सोबत शेषेराव असतात, परात तेच उचलतात. बटाटा सोलायची वेळ आली की लोक हसतात. ती त्यांना पोटभर हसू देते, आणि मग आईचं नाव घेऊन सांगते, की सोललेला बटाटा कोण होता.

मी डॉक्टर आहे, मला गोष्ट रंगवता येत नाही, म्हणून सरळ सांगते. त्या प्लास्टिकाचा काही दोष नाही. त्याचे उद्या चांगले दिवे होतील, आणि आमचीच पोरं ते बनवतील. डोळ्यांनी दिसलेला उजेड खराच असतो. पण तो का पडला, हे सांगणारा खोटा असू शकतो. म्हणून हात जोडण्याआधी विचारा. तुमच्या गावच्या शहाण्यानं तपासलं असलं तरी पुन्हा विचारा, कारण शहाण्याचा टेस्टरही कधीकधी लागत नाही. आणि तुमच्या घरात कुणाचे पाय बधिर असतील, तर आज रात्री जेवणाआधी त्यांचे तळवे उजेडात धरून बघा. जखम दिसली तर झाकून दवाखान्यात आणा. कुणी कितीही मोठ्या पुण्याचं नाव घेतलं तरी सुई सोडू नका.